सोळा व्होल्ट

काकाने बोटीवरचा वायरलेस
ओल्या गोणपाटात गुंडाळून आणला तेव्हा
तो बोलत नव्हता, नुसता घरघरत होता.
स्क्रूंची मिठाने चव गेलेली.
आत, सप्लायच्या कोपऱ्यात, एक कपॅसिटर :
हजार मायक्रोफॅरड, सोळा व्होल्ट,
डोक्यावरची फुलीची खाच फुटून
तपकिरी रस बोर्डावर ओघळलेला.

आई लांबूनच म्हणाली, सडलाय तो.
वर्सोव्याच्या बाजारात तीस वर्षं
कल्ले उघडून दाखवणारी बाई,
तिला फुगलेलं पोट कळतं.

सोळा लिहिलंय म्हणून सोळाच आणायचा?
बारा व्होल्टची बॅटरी ही कागदावरची बारा.
मी बोटीत उतरले, मीटर लावला,
काकाला म्हटलं, दे रेस.
साडेपंधरा.
मग एकदा, डोळा लवेपर्यंत, सतरा.
ज्याने कुणी हा सोळाचा बसवला
त्याने समुद्र टेबलावरूनच पाहिला असणार.

लॅमिंग्टन रोडला मुस्तनसिरभाईंचं दुकान,
काउंटर दोन हात, ड्रॉवर थेट छतापर्यंत.
व्हॅल्यू? हजार. व्होल्ट? पस्तीस.
'पंचवीसमध्ये भागून जाईल.'
भागलं असतं. पण समुद्रात नुसतं भागून चालत नाही.
'पंच्याऐंशी डिग्री की एकशेपाच?'
इंजिनाला लागून केबिन,
दुपारी पत्र्यावर हात ठेववत नाही.
एकशेपाच.

त्यांनी काचेवर दोन ठेवले.
दोन्ही निळे, दोन्हींवर तेच आकडे,
एक अकरा रुपये, एक अठ्ठावीस.
मी एकेका तळव्यावर एकेक घेतला,
आई पापलेट घेते तसा.
अकराचा हलका लागला.
भाई हसले. पकडीने त्याची डबी सोलली.
आत दुसराच कपॅसिटर, करंगळीच्या पेराएवढा,
थोरल्या भावाचा सदरा घालून उभा.

'सगळ्यांना नाही दाखवत,' ते म्हणाले,
आणि सोललेला ड्रॉवरमागे टाकला.
बाकीचे तसलेच, खोक्यात तसेच राहिले.
मी काही बोलले नाही. अठ्ठावीस दिले.
वर दोन रुपयांचा एक सिरॅमिक, एकशेचार,
मसुरीच्या डाळीएवढा :
मोठा सावकाश भरतो, सावकाश देतो,
बारीकसारीक खडखड हा धाकटा गिळतो.

रात्री बोर्ड उलटा केला, भिंग धरलं,
आणि सोल्डरचा सांधा ओळखला.
डावीकडे शेपूट ओढलेली,
वर राळेचा पिवळा डाग.
माझाच.
डिप्लोमाचं दुसरं वर्ष, काकाने घाईत दिलेला सेट.
जुन्यावर सोळा होतं, मी सोळा लावला होता,
आणि वडापावचे पैसेही घेतले नव्हते, याचाच तोरा.
मागच्या मार्गशीर्षात एक अख्खी रात्र
काकाची बोट कुणाला ऐकू आली नव्हती.
काकी धक्क्यावर शाल घेऊन बसली होती.
मीही होते शेजारी. वाऱ्याला दोष देत.

नवा उंच. झाकण बसेना.
आडवा निजवला, पाय वाकवले,
पांढरी पट्टी वजाकडे, पुन्हा पाहिलं,
पुन्हा एकदा पाहिलं.
बुडाखाली सिलिकॉनचा ठिपका,
लाट बोर्डालाही हलवते म्हणून.

सकाळी काकाने विचारलं, किती झाले?
तीस.
एवढ्याशाने बंद पडला होता होय?
सांगायला तोंड उघडलं,
तेवढ्यात त्याने इंजिनाला रेस दिली.
मीटरवर सतरा उडाले आणि खाली आले.
सेट घरघरला नाही.
कुठल्याशा बोटीवरून कुणीतरी, अगदी कानाशी,
वैतागून विचारलं :
अरे, बरफ आला का नाय अजून?

काका उत्तर देत होता.
मी त्याचं बोलणं संपायची वाट पाहत
तिथेच, ओल्या फळीवर बसून राहिले.